रक्ताचा दाखला

(वाचावयाचा शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ३, वचनें ४ ते ८.)

दाखल्याची किंमत काय असते हें खेड्यांतील मनुष्यास शिकवावें लागत नाहीं. जन्माचा, जातीचा, रहिवासाचा दाखला मिळविण्यासाठीं तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात, आणि एवढें करूनही कारकुनानें कागद परत लोटला म्हणजे मनुष्य कसल्या तोंडानें घरीं येतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आज आम्ही अशाच एका दाखल्याची हकीकत सांगणार आहों. मागणारा मनुष्य पंजाबांतला, मागितला तो अमेरिकेंत, आणि दाखला होता रक्ताचा. वर दिलेल्या वचनांत प्रेषित पौलानेंही आपल्या रक्ताचा दाखला काढून दाखविला आहे. सुंता कोणत्या दिवशीं झाली, वंश कोणता, पंथ कोणता, एकही कलम त्यानें गाळिलें नाहीं. आणि मग तो सगळाच कागद त्यानें आपल्या हातानें केरांत टाकिला आहे. ज्या मंडळींत उपदेशक हा लेख मोठ्यानें वाचून दाखवितील त्यांनीं आधीं तीं वचनें वाचावीं, म्हणजे पुढील गोष्ट समजण्यास सोपी जाईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १७९० सालीं एक कायदा केला. परदेशांतून येऊन राहिलेल्या कोणास नागरिक करून घ्यावें, याचा तो कायदा होता. आणि त्यांत अट अशी होती कीं, अर्जदार स्वतंत्र व गोरा असावा. पुढें त्या देशांत यादवी युद्ध झालें, गुलामगिरी मोडली, आणि १८७० सालीं आफ्रिकी वंशाच्या लोकांसही हा हक्क मिळाला. म्हणजे नागरिकपणाच्या वाड्यास दोन दारें झालीं. एकावर गोरा असें लिहिलें होतें, दुसऱ्यावर आफ्रिकी. मग चिनी, जपानी, हिंदी यांनीं कोणत्या दारानें जावें? १८७८ पासून १९५२ पर्यंत अशा मनुष्यांचे पन्नासांहून अधिक खटले तेथील न्यायालयांच्या दप्तरीं नोंदले गेले, आणि त्यांपैकीं एक खेरीजकरून सर्वांनीं आपण गोरे आहों असेंच सिद्ध करूं पाहिलें. ही गोष्ट वाचकांनीं मनांत धरून ठेवावी.

त्यांतले एक अर्जदार ताकाओ ओझावा नांवाचे जपानी गृहस्थ होते. ते १८९४ सालीं कॅलिफोर्नियास आले, तेथेंच शाळा शिकले, विद्यापीठांत तीन वर्षें काढिलीं, आणि पुढें हवाई बेटांत संसार थाटून राहिले. घरांत ते इंग्रजी बोलत. मुलांस अमेरिकन शाळेंत व अमेरिकन उपासनामंदिरांत पाठवीत. शील व शिक्षण या दोन्ही बाबतींत हा मनुष्य नागरिक होण्यास योग्य आहे, हें न्यायालयानेंही मान्य केलें. तरी १३ नोव्हेंबर १९२२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नव्हे, एवढें कारण पुरलें.

आतां आमच्या मुख्य गोष्टीकडे येतों. भगतसिंग थिंड (फांशी गेलेले भगतसिंग ते हे नव्हत) यांचा जन्म १८९२ सालीं अमृतसर जिल्ह्यांत झाला. १९१३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, पुढें शिकावें या आशेनें ते अमेरिकेस गेले. पोट भरण्यासाठीं ऑरेगॉन संस्थानांत लांकूड कापण्याच्या गिरण्यांत त्यांनीं मजुरी केली. १९१७ सालीं अमेरिकेनें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागांतून येणाऱ्या लोकांस बंदी केली. पण थिंड त्यापूर्वींच आंत पोंचले होते. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, ते अमेरिकेच्या सैन्यांत शिरले, आणि डोक्यावर पगडी व अंगावर त्या देशाचा गणवेष अशा वेषांत सार्जंटच्या कामापर्यंत चढले. त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, गणवेष अंगावर असतांनाच, त्यांस नागरिकत्व मिळालें. चार दिवसांनीं तें काढून घेण्यांत आलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत सैन्यानें त्यांस उत्तम वर्तणुकीचा शेरा देऊन सन्मानानें मोकळें केलें. चार दिवसांचें नागरिकत्व आणि उत्तम वर्तणुकीचा शेरा, दोन्ही एकाच महिन्यांतलीं!

थिंड खचले नाहींत. त्यांनीं ऑरेगॉनांत पुन्हा अर्ज केला, आणि १८ नोव्हेंबर १९२० रोजीं तेथील न्यायाधीशांनीं तो मंजूर केला. सरकारनें त्यावर वरचें न्यायालय गाठलें. थिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित असें नांव आढळतें. गृहस्थ जन्मानें अहमदाबादचे. पण नांव ऐकतांच मराठी कान टवकारावे असें आहे. त्यांची हकीकत पुढें येईल.

ओझावा यांचा निकाल होऊन तीनच महिने झाले होते. गोरा म्हणजे कॉकेशियन असें न्यायालय स्वतः म्हणून चुकलें होतें, आणि त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानच्या लोकांस कॉकेशियनच गणीत असत. (त्या वर्गवाऱ्या आजचें शास्त्र मानीत नाहीं, तेव्हां त्या वेदवाक्य होत्या.) म्हणजे न्यायालयाच्याच मापानें थिंड आंत येत होते. मग न्यायालयानें काय केलें? माप बदललें. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं निकाल झाला कीं, पंडितांचे ग्रंथ कांहीं म्हणोत, कायद्यांतील गोरा हा शब्द रस्त्यावरील सामान्य मनुष्य ज्या अर्थानें समजतो त्याच अर्थानें घ्यावयाचा. आणि सामान्य अमेरिकन हिंदी मनुष्यास गोरा समजत नाहीं. ओझावा यांस शास्त्राच्या नांवानें परत लाविलें, थिंड यांस लोकसमजुतीच्या नांवानें. दोन्ही निकाल जॉर्ज सदरलंड या एकाच न्यायमूर्तींच्या लेखणीचे. हे न्यायमूर्ति स्वतः इंग्लंडांत जन्मलेले व तान्हेपणीं आईबापांबरोबर अमेरिकेंत आलेले होते. त्यांस दारावर कोणी अडविलें नव्हतें.

त्या निकालपत्रांत आणखी एक मजकूर आहे. आम्ही कोणास हीन लेखीत नाहीं, दोहोंत केवळ भेद आहे एवढेंच सांगतों, अशा अर्थाचा तो आहे. प्रियजनहो, हें बोलणें आपल्या ओळखीचें नाहीं काय? गांवच्या विहिरीवर, देवळाच्या पायरीशीं, पंगतींत पानें मांडतांना आपल्या वाडवडिलांनीं तें किती वेळां ऐकिलें असेल! तुम्ही वाईट असें कोण म्हणतो? तुमची जागा निराळी, एवढेंच. भिंत बांधणारा मनुष्य बहुधा अशाच गोड शब्दांचा चुना वापरतो.

निकालाचा घाव एकट्या थिंडांवर पडला नाहीं. ज्या हिंदी लोकांस पूर्वीं नागरिकत्व मिळालें होतें त्यांचें तें काढून घेण्यासाठीं सरकारनें दावे सुरू केले. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे गृहस्थ १९१५ सालीं पत्नी कलाबाई व तीन मुलगे यांसह सॅन फ्रान्सिस्को बंदरीं उतरले होते. सोबत बरीच पुंजी होती. दुसऱ्याचें राज्य नसलेल्या देशांत मुलांस वाढवावें ही इच्छा होती. बर्कले नगरांत त्यांनीं घर विकत घेतलें. सामान घेऊन कुटुंब दाराशीं गेलें, तों शेजाऱ्यांनीं घर बंद करून ठेविलें होतें. कलाबाई म्हणाल्या, येथें आपलीं मुलें सुखानें राहणार नाहींत; आणि सर्वजण परत फिरले. तरी बगाई यांनीं दुकान चालविलें, अमेरिकन पोषाख केला, १९२१ सालीं नागरिकत्व मिळविलें. थिंड यांच्या निकालानंतर तें गेलें. परक्यांनीं जमीनजुमला बाळगूं नये असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता, त्यामुळें मालमत्ताही गेली. १९२८ सालीं स्वदेशीं जाऊन यावें म्हणून त्यांनीं पासपोर्ट मागितला, तो अमेरिकेनें नाकारिला. ज्या इंग्रज सरकारच्या प्रजेपणांतून सुटण्यासाठीं ते निघाले होते त्याच सरकारपाशीं पुन्हा हात पसरावे, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत त्यांनीं आपल्या हातानें आपला जीव दिला. वर्तमानपत्रासाठीं मागें पत्र ठेविलें. जाण्यास वाट नाहीं आणि परतण्यासही नाहीं, असा त्याचा आशय होता.

त्या कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं, आणि त्या मनुष्याचा न्याय करावयासही आम्ही बसलों नाहीं. ज्यानें आपणांस घडविलें तोच त्या रात्रीचा अंधार मोजूं शकतो. मात्र हें वाचणाऱ्यांपैकीं कोणी तशा अंधारांत असेल तर त्यानें उपदेशकाचें दार मध्यरात्रींही ठोठवावें, आणि उपदेशकांनीं तें उघडावें, एवढें येथें लिहून ठेवितों.

येथवर वाचून अमेरिकेवर राग येणें साहजिक आहे. ज्या देशांतून आपल्या आजोबा-पणजोबांकडे सुवार्ता आली तोच हा देश, हें मनास अधिकच लागतें. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्या देशाचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकारनें त्यांसही देश सोडून जाण्याचा हुकूम केला होता. महिनेन् महिने अर्ज, विनवण्या करून त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. दाराबाहेर ताटकळणें काय असतें हें त्या लोकांस ठाऊक होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांच्या देशानें शंभर वर्षांनीं तें विसरावें याचें आम्हांस दुःख वाटतें.

परंतु ज्या कारणासाठीं आम्हीं ही हकीकत सांगावयास घेतली तें पुढेंच आहे. थिंड यांच्या वतीनें न्यायालयांत जी लेखी कैफियत गेली तींत काय म्हटलें होतें? कायदा अन्यायाचा आहे असें नव्हे. तर, मी उच्च जातीचा आर्य आहें. आमच्या जातींत बाहेर लग्नें होत नाहींत, म्हणून आमचें रक्त शुद्ध राहिलें आहे. आणि पुढें असें कीं, विवाहसंबंधाच्या बाबतींत अमेरिकन गोरा मनुष्य काळ्या मनुष्याकडे ज्या नजरेनें पाहतो, त्याच नजरेनें उच्च जातीचा हिंदी मनुष्य आपल्या देशांतील मूळ रहिवाशांकडे पाहतो. म्हणजे, जसे तुम्ही तसेच आम्ही. आम्हांसही पायाखालीं माणसें आहेत!

वाचकहो, हीं पायाखालचीं माणसें कोण? गांवकुसाबाहेर राहणारे, डोंगरांत राहणारे, मेलेलीं जनावरें ओढणारे, दोर वळणारे. आपलेच आजे-पणजे. सात समुद्रांपलीकडील न्यायालयांत त्यांस पुराव्यादाखल उभें करण्यांत आलें, आणि त्यांस कोणी विचारिलेंही नाहीं. ज्यांच्या गुरूंनीं राजा व रंक यांस एका पंगतीस बसविलें त्या शीख पंथांतील मनुष्याच्या तोंडीं हा पुरावा घातला गेला, हें आणखी एक नवल. कायद्यानें त्यांस दुसरी वाट ठेविली नव्हती, हें आम्ही विसरत नाहीं. दोनच दारें होतीं. बुडणारा मनुष्य हातास लागेल तें धरतो. तरी त्यानें जें धरिलें तें दुसऱ्या एका बुडणाऱ्याचें डोकें होतें.

आणि तो पुरावा चालला काय? चालला नाहीं. पंजाबांत जातीच्या नियमांनीं रक्त सर्वस्वी शुद्ध राहिलेलें दिसत नाहीं, असें न्यायालयानें वर ऐकविलें. ज्या दाखल्यासाठीं आपल्याच भाऊबंदांस खालीं ढकलिलें तो दाखला न्यायासनानें एका ओळींत निकालांत काढिला.

आतां आपल्या अंगणांत पाहूं. आमच्या मंडळ्यांत सोयरीक ठरूं लागली म्हणजे पहिला प्रश्न कोणता असतो? मुलाचें शील कसें, मुलगी प्रार्थना करिते काय, हे प्रश्न मागाहून. दोन्ही घरें बाप्तिस्मा घेतलेलीं, दोन्ही घरचीं माणसें एकाच मेजापाशीं प्रभुभोजन घेणारीं. तरी आवाज खालीं करून विचारण्यांत येतें, ते मूळचे कोण? महारवाड्यांतून आलेले मांगवाड्यांतून आलेल्यांच्या घरीं पाणी पितांना अजूनही कोठें कोठें घुटमळतात. पाटलाच्या ओट्यावर आपणांस बसूं दिलें नाहीं हें आपण तीन पिढ्या विसरत नाहीं, आणि आपल्या ओट्यावर कोणीं बसूं नये याची यादी आपल्या मनांत तयार असते. ऊसतोडीच्या दिवसांत परजिल्ह्यांतून टोळ्या येतात, शेताच्या बांधावर कोप्या घालून राहतात. त्यांत आपलींही भावंडें असतात. रविवारीं तीं मंडळीच्या दाराशीं येतात, शेवटच्या ओळींत बसतात, आणि उपासना संपतांच कोणाशीं न बोलतां निघून जातात. त्यांस बाहेर जा असें कोणी म्हटलेलें नसतें. आंत या असेंही कोणी म्हटलेलें नसतें.

येथें कोणी विचारील, मग हक्क मागूंच नये काय? दारावर अडविलें तर मुकाट्यानें परतावें काय? असें शास्त्र सांगत नाहीं. पौलानें हक्क मागितला. यरुशलेमांत शिपायांनीं त्यास फटके मारण्यासाठीं बांधिलें तेव्हां त्यानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें केलें. ज्या सरदाराच्या हुकुमानें हें चाललें होतें त्यानें तोच हक्क पुष्कळ पैका भरून विकत घेतला होता, आणि पौलाचा जन्मजात आहे हें ऐकून तो भ्याला (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २२). पण त्याआधींची फिलिप्पै नगरांतली गोष्ट पाहा (अध्याय १६). तेथें पौल व सीला या दोघांसही उघड्यावर मारून बंदींत टाकिलें होतें. सकाळीं अधिकाऱ्यांनीं निरोप पाठविला कीं, यांस गुपचूप सोडून द्या. पौलानें तें मानिलें नाहीं. ज्यांनीं अन्याय केला त्यांनीं स्वतः यावें व आम्हांस बाहेर न्यावें, असें तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांतील आम्हांस हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. तो एकट्यासाठीं बोलला नाहीं. सीला त्याच्या हक्कांत होता. मी या दुसऱ्या कैद्यासारखा नव्हें, याला मारा आणि मला सोडा, असें तो कोठेंही बोललेला नाहीं. त्यानें न्याय मागितला. दुसऱ्याची पाठ त्यानें फटक्यांपुढें केली नाहीं. आणि याच फिलिप्पै नगरच्या मंडळीस पुढें त्यानें तें पत्र लिहिलें, ज्यांत रक्ताचा दाखला तो केरांत टाकितो. ज्यांनीं त्याचे वळ पाहिले होते त्यांनीं तें पत्र वाचिलें.

सखाराम गणेश पंडितांची हकीकत सांगावयाची राहिली. त्यांस १९१४ सालीं नागरिकत्व मिळालें होतें, आणि त्या बळावर ते कॅलिफोर्नियांत वकिली करीत होते. थिंड यांच्या निकालानंतर सरकारनें त्यांच्यावरही दावा केला. या वेळीं मुद्दा रक्ताचा राहिला नाहीं. ज्या न्यायालयानें पूर्ण चौकशी करून मला नागरिक केलें त्याचा निकाल सरकारनें तेव्हां मान्य केला; त्यावर भिस्त ठेवून मीं धंदा केला, घर केलें, लग्न केलें. माझी पत्नी अमेरिकन आहे. मी परका ठरलों तर तिचेंही नागरिकत्व जाईल. आतां हें सर्व उलटें फिरवितां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२६ सालीं तें मान्य झालें, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारिलें. त्यानंतर हिंदी लोकांविरुद्धचे तसले उरलेले दावे सरकारनें काढून घेतले. रक्ताची बढाई ज्या दारावर आपटून फुटली तें दार साध्या खऱ्या व्यवहाराच्या बोलण्यानें हाललें. एकानें जिंकिलें, आणि मागच्या कितीएकांची सुटका झाली.

थिंड यांनीं देश सोडला नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला, त्या अन्वयें पहिल्या महायुद्धांत सैन्यांत चाकरी केलेल्या आशियाई लोकांस नागरिक होतां येऊं लागलें. १९३६ सालीं थिंड तिसऱ्यांदा शपथेस उभे राहिले, आणि या वेळचें नागरिकत्व टिकलें. कातडी तीच, रक्त तेंच, जात तीच. या वेळीं प्रश्न एवढाच होता कीं, तूं चाकरी केलीस काय?

बाकीच्यांस आणखी थांबावें लागलें. २ जुलै १९४६ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीं सही केलेल्या कायद्यानें हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क आला, पण देशांत नवीन यावयाचे ते वर्षास १०० च! चाळीस कोटींच्या आसपास वस्तीच्या देशास ही संख्या. १९५२ सालीं नागरिक होण्यासाठीं असलेली वंशाची अट एकदांची रद्द झाली. आणि देशोदेशींच्या लोकसंख्येचे भाग ठरवून देणारी जुनी पद्धत १९६५ सालीं गेली. थिंड १९६७ सालीं वारले.

कलाबाई बगाई यांनीं नवऱ्याच्या मागें तिन्ही मुलगे वाढविले, शिकविले. कायदा बदलल्यावर त्या नागरिक झाल्या. पुढें नवीन येणाऱ्या हिंदी कुटुंबांस त्यांच्या घरीं जेवूं घालीत, धीर देत. १९८३ सालीं त्यांचें देहावसान झालें. ज्या बर्कले नगरांत त्यांचें सामान दारावरून परत गेलें होतें, त्या नगरानें २०२१ सालीं भर वस्तींतील एका रस्त्यास त्यांचें नांव दिलें.